पहिल्या पिढीचा संशोधक : प्रयोगशाळेच्या दारापासून प्रबंधापर्यंत

(एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागांत नव्याने मान्यता मिळालेल्या संशोधन-मार्गदर्शकांपुढे दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



विज्ञानाच्या मार्गदर्शकांपुढे बोलण्यासाठी शासनाच्या माहिती खात्यातील एका अधिकाऱ्याला पाचारण करावे, हे थोडे चमत्कारिक वाटण्याजोगे आहे. मी कला शाखेचा पदवीधर. प्रयोगशाळेशी माझा संबंध महाविद्यालयाच्या व्हरांड्यातून जाताना नाकाला येणाऱ्या वासापुरताच होता. तरीही निमंत्रण स्वीकारले, कारण आजचा विषय रसायनशास्त्राचा किंवा पदार्थविज्ञानाचा नसून माहितीचा आहे. ती कोणाला घरबसल्या मिळते, कोणाला मागूनही मिळत नाही आणि ज्याला काय मागावे हेच ठाऊक नाही त्याचे काय होते, एवढाच हा प्रश्न आहे. त्या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो.

ज्याच्या आईवडिलांनी महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही, अशा विद्यार्थ्याला आपण पहिल्या पिढीचा विद्यार्थी म्हणतो. पदवीपर्यंत असे विद्यार्थी येतात, एम.एस्सी.लाही येतात, आपल्यापैकी अनेकांच्या वर्गांत ते बहुसंख्येने असतील. येथे बसलेल्यांपैकीही काही जण त्याच वाटेने आले असतील. पण पीएच.डी.च्या नोंदणीपासून प्रबंध सादर होईपर्यंतच्या पाचसहा वर्षांत यांतले काही विद्यार्थी हळूहळू दिसेनासे होतात. परीक्षेत नापास झाला तर त्याची नोंद होते. मधूनच गावी निघून गेलेल्याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच राहते, आणि पुढे तीही राहत नाही.

या विद्यार्थ्यांत कमी काय असते? बुद्धी नव्हे; ती नसती तर ते येथवर आलेच नसते. पैसा कमी असतो हे खरे. त्याविषयी मी बोलणारच आहे. पण पैशाइतकीच आणखी एक गोष्ट कमी असते, आणि ती समजण्यासाठी एका सुपरिचित घराकडे पाहू.

डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपण बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात गेले. वडील तेथे गणिताचे विभागप्रमुख, स्वतः केंब्रिजला शिकलेले. आई संस्कृतच्या जाणकार. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले होते. शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. डॉ. नारळीकरांची बुद्धिमत्ता असामान्य होती यात वाद नाही. मे २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला तो उगाच नव्हे. पण त्या फळ्याने केवळ गणितच शिकवले असेल काय? गणित दोन दिवस सुटत नाही यात लाजण्यासारखे काही नसते, मोठी माणसेही अडतात, अडलेला प्रश्न फळ्यावर उघडा ठेवायचा असतो, हेही त्या घरात कोणी न सांगता शिकायला मिळाले असले पाहिजे.

अशा घरातला मुलगा संशोधनाला येतो तेव्हा त्याला शेकडो बारीकसारीक गोष्टी ठाऊक असतात. परगावच्या शास्त्रज्ञाला स्वतः होऊन पत्र लिहिता येते. मार्गदर्शकाच्या मताला प्रश्न विचारला म्हणजे उद्धटपणा होत नाही. परिषदेला जाण्यासाठी प्रवासखर्च मागता येतो. मार्गदर्शकाशी जुळले नाही तर तो बदलण्याची रीत आहे. शोधनिबंध परत आला म्हणजे तो कचऱ्यात गेला असे नव्हे. हे कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नाही. जेवणाच्या पानावर, पाहुण्यांच्या गप्पांत हे कानी पडत असते. ज्या घरात संध्याकाळची बोलणी पावसाची, सोसायटीच्या कर्जाची आणि बहिणीच्या स्थळांची असतात, तेथे ते कानी पडण्याचा मार्गच नाही. तो विद्यार्थी मग गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्याला आपण ‘जरा मंद आहे’ असे नाव देतो.

आपल्या राज्याला हा प्रश्न नवा नाही. त्याचा पहिला टप्पा आपल्या पूर्वसूरींनी फार लवकर ओळखला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृहाची सुरुवात करून दिली आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. १९४७ मध्ये सातारचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. पुस्तकाआधी छप्पर आणि छपराबरोबर भाकरी लागते, हे या मंडळींनी जाणले. माझ्या मते महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास हा शाळांइतकाच वसतिगृहांचा इतिहास आहे. पण ही सारी व्यवस्था पदवीपर्यंत पोहोचवणारी होती. प्रयोगशाळेत पाच वर्षे टिकवून धरणारी व्यवस्था आपल्या पिढीने उभी करायची आहे.

आता पैशाविषयी. शासनाच्या योजना आहेत. केंद्राच्या निर्णयानुसार १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ४२,००० रुपये झाली. नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा. आपल्या राज्यात पुण्याची बार्टी व सारथी, नागपूरची महाज्योती आणि पुण्याचीच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्त्या देतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधारसारखी योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. कोणती योजना कोणत्या अभ्यासक्रमाला व किती उत्पन्नाच्या मर्यादेत लागू होते, ते त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहून घ्यावे लागते.

कागदावर हे पुष्कळ आहे. अडचण असते ती रकमेच्या आकड्यात कमी आणि तिच्या येण्याच्या दिवसात अधिक. अनेक अधिछात्रवृत्त्यांत विद्यार्थी कामावर आहे अशी पुष्टी विभागाकडून दरमहा ऑनलाइन जावी लागते. ती गेली नाही तर त्या महिन्याची रक्कम निघत नाही. पुष्टी पाठवणारा लिपिक रजेवर असतो, मार्गदर्शक परिषदेला गेलेले असतात. दोन महिने जातात. आपल्या दृष्टीने तो कार्यालयीन विलंब असतो. ज्या मुलाची खानावळ तिसऱ्या तारखेला पैसे मागते आणि ज्याच्या घरून काही येण्याची शक्यता नाही, त्याच्यासाठी तो उपासाचा आणि उधारीचा काळ असतो. तीच गोष्ट परिषदेच्या प्रवासाची. आधी खर्च करा, पावत्या जोडा, मागाहून प्रतिपूर्ती होईल, ही आपली रीत. हातात पैसे असणाऱ्याला ती सोयीची आहे. ज्याच्याजवळ आगाऊ घालायला आठ हजार रुपये नाहीत, तो ‘मला या वेळी यायचे नाही, सर’ असे म्हणतो आणि त्याला उत्साह नाही असा आपला समज होतो. विभागाकडे थोडीशी फिरती रक्कम ठेवून आगाऊ उचल देण्याची सोय करता आली, तर असे किती नकार होकारांत बदलतील, हे करून पाहण्यासारखे आहे.

आणखी एक बाब आपल्या ध्यानात सहसा येत नाही. घरच्यांच्या लेखी अधिछात्रवृत्ती म्हणजे पगार. ‘पोरगा पुण्याला लागला’ अशी बातमी गावात फिरते. मग धाकट्या भावाचे शुल्क, आजोबांचे औषध, विहिरीचे राहिलेले काम, सारे त्या रकमेकडे पाहू लागते, आणि त्यात गैर काही नाही. या घरांनी आपला कमावता हात वीसबावीस वर्षे शाळेसाठी मोकळा ठेवला, हेच मोठे. म्हणून असा संशोधक एकटा नसतो. त्याची अधिछात्रवृत्ती तीन महिने थकली, तर त्याच्याबरोबर एक घर थकते.

कागदपत्रांचाही येथेच विचार करू. आपण अर्ज मागवतो : उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, अधिवास, मागील संस्था सोडल्याचा दाखला. आता मराठवाड्यातल्या एखाद्या ऊसतोड कामगाराच्या मुलीचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर गेलेले असतात; ते परततात उन्हाळ्यात. गावच्या घराला कुलूप. मुलगी रसायनशास्त्र विभागात, आणि अर्जाची अखेरची तारीख जानेवारीत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांचे स्वयंघोषणापत्र हवे, आणि वडील कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडात आहेत हे मुकादमाला विचारावे लागते. त्यासाठी तिला तीन दिवस प्रयोग सोडून जावे लागते. प्रयोग असा की मध्येच सोडला तर पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. तिच्या उपस्थितिपत्रकावर तीन दिवस लाल शाईचे. हे चित्र मी रंगवून सांगत नाही. अशा स्वरूपाची गाऱ्हाणी आमच्या कार्यालयात येतात तेव्हा शेवटचे दोन दिवस उरलेले असतात. विभागाने सप्टेंबरातच ‘हे कागद दिवाळीपूर्वी काढून ठेवा’ असे सांगितले असते, तर ते आईवडील घरी असतानाच झाले असते. एका वाक्याच्या सूचनेचा प्रश्न होता.

पैसा खंडित झाला तर काय होते आणि दार उघडे ठेवले तर काय घडते, याचे एक थोर उदाहरण आपल्या इतिहासात आहे. ते विज्ञानशाखेचे नाही, अर्थशास्त्राचे आहे, तरी येथे सांगितलेच पाहिजे. १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून ते लंडनला पोहोचले आणि काम ऐन भरात असताना १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. परतावे लागले. मात्र निघताना चार वर्षांच्या आत येऊन काम पुरे करण्याची परवानगी विद्यापीठाने त्यांना दिली होती. मधल्या काळात त्यांनी मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसे साठवले, शाहू महाराजांचे व नवल भथेना या मित्राचे साहाय्य घेतले, १९२० मध्ये ते लंडनला परतले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. बाबासाहेबांच्या जिद्दीविषयी आपण नेहमी बोलतो आणि ते योग्यच आहे. मी आपले लक्ष त्या चार वर्षांच्या परवानगीकडे वेधू इच्छितो. कोणीतरी एका कागदावर सही केली होती.

आजच्या नियमांतही अशी जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे व कमाल सहा वर्षे असून, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत देता येते. प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंतची रजाही त्यात आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलेलाच पाहिजे, ही पूर्वीची सक्ती या विनियमांत राहिलेली नाही. प्रश्न असा की, हे विद्यार्थिनीला कोण सांगतो? लग्न ठरले म्हणून नोंदणी सोडून देणाऱ्या मुलींपैकी किती जणींना ही तरतूद वेळेवर कळलेली असते? मुलींच्या बाबतीत वेळेचाही विचार हवा. रात्री नऊपर्यंत चालणारा प्रयोग आणि साडेसातला बंद होणारे वसतिगृहाचे फाटक यांचा मेळ तिने एकटीने घालावा, अशी अपेक्षा करणे बरोबर नव्हे. अधीक्षिकेला विभागाचे एक पत्र पुरते.

भाषेचा प्रश्न मात्र एका पत्राने सुटणारा नाही. त्यावर थोडे थांबतो. आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘अवक्षेप’ ठाऊक असतो, ‘संप्लवन’ ठाऊक असते, ‘उत्प्रेरक’ काय करतो हे तो उत्तम सांगू शकतो. जीवशास्त्राच्या मुलीला ‘तंतुकणिका’ आणि ‘गुणसूत्र’ यांचे कार्य पाठ असते. परिसंवादात हेच शब्द परक्या वेषात भराभर कानांवर पडतात, आणि ज्ञात वस्तू अज्ञात वाटू लागते. ‘आपल्याला काही येत नाही’ हा समज येथे जन्मतो, आणि तो चुकीचा असतो. त्याला संकल्पना येते, तिचे नवे नाव तेवढे येत नसते. यावर उपाय म्हणून मराठी टाकावी असे कोणी सुचवतात. माझे मत नेमके उलट आहे. पहिल्या सहा महिन्यांत विद्यार्थ्याला आपला प्रयोग आधी मराठीत मांडू द्यावा, मग इंग्रजीत. विचार पक्का झाला की भाषा मागोमाग येते. शासनाच्या भाषा संचालनालयाने विज्ञानविषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत, मराठी विश्वकोश आहे. विभागाच्या ग्रंथालयात ते कपाटात कुलूपबंद असतील, तर टेबलावर आणून ठेवावेत.

या बाबतीत मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा अनुभव बोलका आहे. हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. त्याच दशकात केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांमध्ये काम केले, आणि पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसाठी एक उपक्रम चालवला. पाठ्यपुस्तकाची अवजड भाषा हाच विज्ञान समजण्यातला मोठा अडथळा आहे आणि तो दूर केला तर मुले झपाट्याने पुढे जातात, यावर केंद्राचे संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी यांचा सतत भर असे. ती शाळकरी मुले होती. पण विशीतल्या संशोधकाची गोष्ट याहून फार निराळी आहे, असे मला वाटत नाही.

आता प्रयोगशाळेच्या आतल्या एका गोष्टीकडे वळतो. ती मला आपल्यासारख्या प्राध्यापकांनीच समजावून दिली. विज्ञानात बहुतेक प्रयोग पहिल्यांदा फसतात. हे आपल्याला इतके सवयीचे आहे की कोणाला सांगावे असेही वाटत नाही. पण आजवर प्रत्येक परीक्षेत पहिला आलेला, ज्याच्या पहिल्या नंबरावरच घराने सारी भिस्त ठेवली, अशा मुलाचा संयुग बनवण्याचा प्रयोग सलग चार महिने जमत नाही, तेव्हा तो दोष अभिक्रियेत आहे असे त्याला वाटत नाही. तो म्हणतो, ‘मी येथला नाहीच.’ प्राध्यापकाच्या मुलाने वडिलांना यंत्रावर चिडताना पाहिलेले असते. याने कोणाला पाहिलेले नाही. आपली जुनी प्रयोगवही, तिच्यातल्या खाडाखोडीसह, नव्या विद्यार्थ्याच्या हाती देणारे एक प्राध्यापक मला ठाऊक आहेत. यासाठी कोणतीही योजना, कोणताही निधी लागत नाही.

आणि एक अप्रिय मुद्दा. नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात आडनाव, गाव आणि प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारला जातो. विचारणाऱ्याचा हेतू कदाचित गप्पांचा असेल. ऐकणाऱ्याला त्यामागचा दुसरा प्रश्न नेमका ऐकू येतो. ‘तुला काय, अधिछात्रवृत्ती मिळणारच’ हे वाक्य विनोद म्हणून उच्चारले जाते. ते थांबवण्याची जबाबदारी वरिष्ठ विद्यार्थ्यांवर सोडता येणार नाही; ती मार्गदर्शकाची आहे, आणि पहिल्यांदा ऐकू येईल त्या दिवशीच पार पाडायची आहे.

या सर्व गोष्टी एकत्र करून पाहिल्याचे एक उदाहरण परदेशात आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर परगण्यातील शाखेत १९८८ मध्ये मायरहॉफ शिष्यवृत्ती कार्यक्रम सुरू झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विज्ञानात पीएच.डी.पर्यंत पोहोचावे हा त्याचा हेतू. पुढे तो सर्वांना खुला झाला. तेथील माजी प्रमुख फ्रीमन ह्राबोव्स्की स्वतः गणितज्ञ. या कार्यक्रमातला मला भावलेला भाग असा : त्यांनी ‘कच्च्या मुलांना आधार’ अशी भूमिका घेतली नाही. चांगली मुले निवडली आणि त्यांच्याकडून उत्तमाचीच अपेक्षा धरली. पहिल्या सत्राआधीच्या उन्हाळ्यात त्यांना एकत्र आणून तयारी करून घेतली, एकेकट्याने न शिकता गटाने शिकायची सवय लावली, लवकरात लवकर खऱ्या प्रयोगशाळेत नेले आणि घरच्यांनाही सामील करून घेतले. आपल्याकडची सामाजिक घडण वेगळी आहे, निधीही तेवढा नाही. परंतु गटाने शिकणे आणि घरच्यांना सामील करणे यांसाठी कोणता निधी लागतो?

घरच्यांविषयी म्हणूनच एक सूचना करतो. पीएच.डी. म्हणजे काय, हे आपण पालकांना कधीच सांगत नाही. त्यांच्या दृष्टीने शिक्षण म्हणजे वर्ग, परीक्षा आणि निकाल. येथे तर वर्ग नाहीत, परीक्षा दिसत नाही, निकाल पाचसहा वर्षांनी. ‘अजून शिकतोच आहेस का?’ हा प्रश्न दर सुटीत विचारला जातो आणि मुलाजवळ सोपे उत्तर नसते. विभागाने नोंदणीच्या वेळी पालकांच्या नावे मराठीत एक पानाचे पत्र पाठवावे : आपला मुलगा किंवा मुलगी अमुक प्रश्नावर काम करीत आहे, यास साधारण इतकी वर्षे लागतात, अधिछात्रवृत्ती असल्यास ती इतके वर्षे मिळते, यातून पुढे अशा प्रकारच्या नोकऱ्या मिळतात. खाली मार्गदर्शकाची सही. गावात असे पत्र चावडीवर वाचून दाखवले जाते. त्या पत्राने घरातले दडपण किती हलके होईल, याचा अंदाज शहरात बसून येणार नाही. वर्षातून एक दिवस पालकांना प्रयोगशाळा दाखवता आली तर फारच चांगले. बाप यंत्राकडे बोट दाखवून त्याची किंमत विचारील. हरकत नाही, सांगावी.

शेवटी माझ्या धंद्याकडे येतो. जाहिरात वृत्तपत्रात छापून आली म्हणजे माहिती पोहोचली, असा एक समज आमच्या खात्यात आहे आणि सूचना फलकावर लावली म्हणजे कळवली, असा समज आपल्या विभागांत आहे. दोन्ही समज सारखेच सोयीचे आहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी दरवर्षी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत काम करण्याची संधी देतात. अर्ज साधारणपणे आदल्या हिवाळ्यात करावे लागतात; ज्याला मे महिन्यात कळते त्याचे वर्ष गेले. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रवेशपरीक्षेचा अर्जही बऱ्याच आधी भरावा लागतो. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये हे ठाऊक असलेला आणि दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये कळलेला, या दोघांच्या गुणवत्तेत काडीचा फरक नसतो. पुढच्या आयुष्यात मात्र पडतो.

डॉ. रघुनाथ माशेलकरांचे चरित्र आपण मुलांना सांगतो : गोव्यातल्या माशेल गावी जन्म, लहानपणी वडिलांचे निधन, आईने मुंबईत कष्ट करून शिकवले, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास. त्यातला दिवा आपल्या लक्षात राहतो. शालान्त परीक्षेनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली असताना दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, हे मात्र आपण घाईने सांगून पुढे जातो. १९६९ मध्ये ते पीएच.डी. झाले, पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्या साठ रुपयांचा अर्ज कोठे मिळतो आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, हे तेव्हाही कोणाला तरी माहीत असावे लागलेच असेल.

तेव्हा विनंती अशी. प्रत्येक विभागाने एक टिपण तयार करावे. आपल्याला जे सांगावेसेही वाटत नाही इतके साधे आहे, तेच त्यात लिहावे : मार्गदर्शकाला कोणत्या वेळी भेटावे, त्याला काय म्हणून संबोधावे, संशोधन सल्लागार समितीपुढे काय न्यावे, रजा कशी मागावी, मार्गदर्शक बदलायचा झाल्यास कोणाकडे जावे, अधिछात्रवृत्तीची पुष्टी कोणत्या तारखेला जाते आणि ती गेली नाही तर कोणत्या टेबलावर विचारावे, कोणते दाखले कोणत्या महिन्यात काढून ठेवावेत. लिहिताना गेल्या वर्षी रुजू झालेल्या दोन विद्यार्थ्यांना शेजारी बसवून घ्यावे. कशावर अडते ते त्यांना आपल्यापेक्षा ताजे आठवते. टिपण इंग्रजीत लिहिले तरी चालेल. ते आमच्या कार्यालयाकडे पाठवावे. त्याचा मराठी मजकूर करून, मुद्रणयोग्य स्वरूपात पंधरा दिवसांत परत पाठवण्याचे मी मान्य करतो. नव्या नोंदणीला अद्याप दोन महिने आहेत.